८१ गुण करूनही हाती शून्य! नेदरलँड्सचा 'क्लाव्हरयास' कसा खेळतात?

एका डावात एकूण १६२ गुण. तुम्ही हुकूम बोललात आणि बरोबर ८१ गुण केलेत, म्हणजे निम्मे. मग डाव बरोबरीत सुटला का? तर नाही. तुमच्या नावावर शून्य आणि समोरच्यांच्या नावावर सगळे १६२!

नेदरलँड्समधल्या घरांत, कॅफेंत आणि पत्त्यांच्या क्लबांत खेळल्या जाणाऱ्या 'क्लाव्हरयास'ची खरी गंमत याच नियमात आहे.

नावात काय आहे?

डच भाषेत 'क्लाव्हर' म्हणजे किलवर. दोन्ही शब्द एकामागोमाग म्हणून बघा, साम्य लगेच कळेल. 'यास' म्हणजे हुकमाचा गुलाम. मात्र नावात किलवर असला तरी हुकूम चारपैकी कोणत्याही रंगाचा असू शकतो.

सुरुवात कशी होते?

खेळाडू चार, समोरासमोरचे दोघे भिडू. सत्तीपासून एक्क्यापर्यंतची ३२ पानं घ्यायची आणि प्रत्येकाला आठ वाटायची. हुकूम ठरवण्याच्या पद्धती ठिकाणानुसार बदलतात. काही ठिकाणी वाटणाऱ्याच्या डावीकडच्या खेळाडूला हुकूम बोलावाच लागतो, पानं कशीही असोत.

कोणतं पान मोठं?

साध्या रंगात एक्का (११), दश्शी (१०), राजा (४), राणी (३), गुलाम (२) असा क्रम. नव्वी, अठ्ठी, सत्तीला गुण नाहीत.

हुकमात मात्र सगळं उलटंपालटं होतं. सर्वात मोठा गुलाम (२०), मग नव्वी (१४), तिला 'नेल' म्हणतात. त्यानंतर एक्का (११), दश्शी (१०), राजा (४), राणी (३). अठ्ठी आणि सत्ती शून्य. '२८' किंवा '३०४' खेळलेल्यांना गुलाम-नव्वीचा हा थाट ओळखीचा वाटेल.

१६२ चा हिशोब

हुकमाच्या रंगाचे ६२, बाकी तीन रंगांचे ३० प्रमाणे ९०, आणि शेवटचा हात करणाऱ्याला १० जास्तीचे. झाले १६२.

याशिवाय 'रूम' नावाचे बोनस गुण असतात. एकाच हातात पडलेल्या चार पानांत एका रंगाची तीन लागोपाठ पानं आली तर २०, चार आली तर ५०. हुकमाचे राजा-राणी एकत्र पडले तर २०. हे गुण हात जिंकणाऱ्या जोडीला. आठही हात एकाच जोडीने केले, तर आणखी १००.

हुकूम बोलणाऱ्या जोडीला रूम धरून निम्म्याहून जास्त गुण लागतात. रूम नसेल तर किमान ८२. ते जमलं नाही की ती जोडी 'नत', म्हणजे डच भाषेत 'ओली' झाली. तिचे सगळे गुण, अगदी रूमसुद्धा, समोरच्यांना.

अ‍ॅमस्टरडॅम की रॉटरडॅम?

उतारीचा रंग हातात असेल तर तोच टाकायचा. नसेल आणि हात समोरच्यांकडे जात असेल, तर हुकमाने मारायचं. आधीच हुकूम पडला असेल, तर शक्य असल्यास त्याहून मोठा टाकायचा.

पण हात आपल्याच भिडूचा असेल तर? इथे दोन शहरांचे रस्ते वेगळे होतात.

समजा, भिडूचा बदामचा एक्का हात जिंकतोय. तुमच्याकडे बदाम नाही आणि हुकमाचं एकच पान आहे, ते म्हणजे गुलाम. अ‍ॅमस्टरडॅमच्या नियमाने तुम्ही गुलाम राखून दुसऱ्या रंगाची दश्शी टाकू शकता, भिडूच्या हातात १० गुणांची भर! रॉटरडॅमच्या नियमाने मात्र हुकूम टाकणं सक्तीचं. म्हणजे आधीच जिंकलेल्या हातावर तुमचं सर्वात मोठं पान खर्ची पडलं.

असे १६ डाव झाले की एक खेळ पूर्ण होतो. त्याला 'बोम' म्हणजे झाड म्हणतात. एका डावात ओले झालात तरी भरपाईला पुढचे डाव असतात. पण पत्ते पिसण्याआधी एक नक्की विचारा: आज नियम अ‍ॅमस्टरडॅमचे की रॉटरडॅमचे? भिडूचा एक्का कापल्यावर हा प्रश्न विचारला, तर भांडण ठरलेलं.