साथ आली तरी गाडी चालली पाहिजे

२२ मार्च २०२०, रविवार. जनता कर्फ्यूच्या त्याच दिवशी रेल्वेने देशातल्या सगळ्या प्रवासी गाड्या बंद करत असल्याचे जाहीर केले. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती १८५३ साली. तेव्हापासून महायुद्धे झाली, फाळणी झाली, संप झाले, पण साऱ्या देशाची प्रवासी वाहतूक एकाच वेळी ठप्प झाली असे कधी घडले नव्हते. आधी ३१ मार्चपर्यंत असलेली ही बंदी लांबतच गेली. लोणंद, वाठार, सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज या आपल्या मार्गावर महालक्ष्मी, कोयना, सह्याद्री, महाराष्ट्र एक्सप्रेस, सगळ्याच गाड्या उभ्या राहिल्या.

सातारा-सांगलीकडच्या माणसाला लांब पल्ल्याची गाडी कशाला लागते, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला पटकन समजत नाही. त्याच्या मते इथल्या लोकांना मुंबईची एसटी पुरते. मिरज जंक्शनच्या फलाटावर तासभर उभे राहिले की हा समज जातो. एका बाकावर अथणी-रायबागकडचे कुटुंब बसलेले असते. सोबत डोक्याला रुमाल बांधलेला आजारी माणूस आणि एक्स-रेचा मोठा लिफाफा. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे मिशनचे रुग्णालय उभारले. त्यानंतर मिरज डॉक्टरांचे गाव झाले आणि कर्नाटकातला पेशंट या जंक्शनवर उतरू लागला. शेजारी रजा संपवून निघालेला जवान, पायाशी काळी ट्रंक. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेले आहे. तिथल्यासारख्या घरांमधून सैन्यात गेलेला मुलगा गाडीनेच जातो आणि गाडीनेच येतो. आणि पलीकडे तीन-चार पिशव्या, भडंगाचे पुडे, झोपलेली दोन मुले घेऊन बसलेले असतात ते गलाईवाले.

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि शेजारचे खटाव-माण हा सगळा दुष्काळी पट्टा. इथल्या माणसांनी सोने-चांदी गाळण्याचा धंदा पकडला आणि तो देशभर नेला. केरळातल्या, तामिळनाडूतल्या, बंगाल-बिहारातल्या सराफ बाजारात एखाद्या बोळात छोटी भट्टी, आम्लाच्या बाटल्या आणि तराजू मांडून बसलेला माणूस विट्याकडचा निघतो. मोडीचे दागिने वितळवून त्यातले शुद्ध सोने वेगळे करून देणे हे त्याचे काम. मुले तिकडच्या भाषेत शिकतात, आईवडील आणि शेत इकडे असते. यात्रा, लग्न, दिवाळी आणि मयत, या चार गोष्टींना त्याला गाव गाठावेच लागते. त्याच्या दृष्टीने लांब पल्ल्याची गाडी म्हणजे घराचा दरवाजा. मार्च २०२० मध्ये सराफ बाजार बंद झाले, भट्टी विझली, भाडे मात्र चालू राहिले आणि दरवाजाही बंद झाला. पुढे ई-पास काढून, जीप किंवा कार भाड्याने घेऊन, दोन-दोन राज्यांच्या नाक्यांवर तपासण्या देत माणसे आली. एका गाडीत सात-आठ जण, काचा बंद, दोन दिवसांचा प्रवास. रेल्वेच्या डब्यातली गर्दी टाळायची म्हणून गाड्या थांबवल्या होत्या, आणि माणसे त्याहून लहान खोक्यात बसून आली. माझ्या मते त्या वर्षातली ही सर्वात मोठी चूक होती, आणि पुढच्या साथीच्या आधी तिचा विचार व्हायला हवा.

साथ आणि रेल्वे यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तो पुढे सातारा जिल्ह्यातही पसरला. १८९७ च्या साथरोग कायद्यात सरकारला जे अधिकार दिले, त्यात रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी आणि संशयितांचे विलगीकरण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. स्टेशनांवर उतारूंना रांगेत उभे करून डॉक्टर काखा-जांघा तपासत, बायकांनाही सोडत नसत, आणि त्यावरून लोक किती संतापले हा इतिहास सर्वांना माहीत आहे. तोच कायदा महाराष्ट्राने १३ मार्च २०२० रोजी लागू केला. मग हातावर शिक्के आले आणि शिक्का असलेले प्रवासी गाडीतून उतरवले गेले. मिरजेच्या प्लेगची एक आठवण संगीतवाले आवर्जून सांगतात. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेला आले असताना प्लेगने आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात बरे झाले आणि या गावाशी कायमचे जोडले गेले, असे सांगतात. १९३७ साली दक्षिणेच्या दौऱ्यात मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगापेरुमाळकोईलच्या स्टेशनवर त्यांनी देह ठेवला.

१९१८ चा इन्फ्लुएंझा मात्र खऱ्या अर्थाने आगगाडीतून पसरला. जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याची दुसरी, भयंकर लाट आली आणि एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी आपल्या अहवालात या प्रसारात रेल्वेचा मोठा वाटा असल्याचे नोंदवले. २०२० मध्ये गाड्या थांबवणाऱ्यांची भीती त्यामुळे अगदीच निराधार नव्हती. पण १९१८ मध्ये कोणाकडे चाचणी नव्हती, लस नव्हती, आरक्षणाची यादी नव्हती, डब्यात कोण कुठल्या बाकावर बसला याची नोंद नव्हती. आज यातले सगळे आहे.

डब्यात नेमका धोका किती? चीनमधल्या अतिवेगवान गाड्यांतल्या डिसेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळातल्या प्रवाशांचा अभ्यास संशोधकांनी केला. बाधित प्रवासी होते २ हजार ३३४ आणि त्यांच्या जवळपास बसलेले ७२ हजार ९३. या सगळ्यांत लागण झालेल्यांचे प्रमाण सरासरी ०.३२ टक्के निघाले. अगदी शेजारच्या खुर्चीवरच्यांत ते सुमारे साडेतीन टक्के होते, आणि सोबतचा प्रवास जसा तासातासाने वाढला तसे तेही वाढत गेले. म्हणजे धोका गाडीत सगळीकडे सारखा नसतो, तो शेजाऱ्यापाशी आणि घड्याळापाशी असतो. आपला स्लीपरचा डबा याच्याशी ताडून पाहावा. एका कप्प्यात आठ बर्थ, सहा समोरासमोर आणि दोन बाजूचे. मिरजेहून दिल्ली दीड दिवसाची. मधला बर्थ उघडला की खाली बसलेल्याची मान वाकते आणि समोरच्याचा श्वास लागतो. मात्र या डब्याला एक मोठी गोष्ट लाभली आहे, ती म्हणजे उघडणारी खिडकी. वातानुकूलित डब्यांत हवा तासाला सोळा ते अठरा वेळा बदलण्याची सोय केल्याचे रेल्वेने २०२० मध्ये सांगितले होते. उघड्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला तेवढी यंत्रणाही लागत नाही. मधले बर्थ रिकामे ठेवायचे, खिडक्या उघड्या ठेवायच्या, मास्क लावायचा आणि चढण्याआधी चाचणी करायची, एवढ्यावर साध्या स्लीपरची गाडी भर साथीतही बऱ्यापैकी सुरक्षित चालू शकली असती.

चालली ती फार उशिरा, आणि निवडक लोकांसाठी. १ मेपासून श्रमिक स्पेशल सुरू झाल्या. ऑगस्टअखेरपर्यंत ४ हजार ६२१ गाड्यांतून ६३ लाखांवर माणसे गावी पोहोचली. आपल्या भागातूनही परप्रांतीय मजूर या गाड्यांनी गेले. १ जूनपासून शंभर जोड्या धावू लागल्या. त्यात वास्को-निजामुद्दीन गोवा एक्सप्रेस होती, म्हणजे मिरज-सांगली-साताऱ्याच्या रुळांवर लांब पल्ल्याची गाडी पुन्हा दिसू लागली. पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात रेल्वेने जायची मुभा मिळायला २ सप्टेंबर उजाडला. तोवर मिरजेहून दिल्लीचे तिकीट मिळत होते, पुण्याचे मिळत नव्हते. नोव्हेंबरात दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा दाखला सक्तीचा झाला. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती यादी वाढली आणि केरळचेही नाव त्यात आले. गोवा एक्सप्रेसची दोन्ही टोके यादीत होती. दाखला मागायला माझा विरोध नाही. पण तो काढायचा कुठे, खर्च कोणी करायचा, आणि बापाच्या मयताला निघालेल्या माणसाने दोन दिवस निकालाची वाट पाहायची का? उत्तर स्टेशनवरच्या तत्काळ चाचणीत होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये इटलीने रोम-मिलान मार्गावर चाचणी झालेल्या प्रवाशांचीच वेगळी गाडी सुरू केली होती.

याच काळात रेल्वेने मालासाठी काय केले तेही पाहावे, कारण मालाच्या बाबतीत ती कुठेच अडली नाही. २०२०-२१ मध्ये प्रवाशांची संख्या ८०८ कोटींवरून १२५ कोटींवर घसरली, आणि त्याच वर्षी मालवाहतूक आदल्या वर्षापेक्षाही वाढून १२३ कोटी टनांवर गेली. मिरज-पंढरपूर मार्गावरच्या सांगोल्याहून डाळिंबे घेऊन किसान रेल्वे निघाल्या. त्यांतली देशातली शंभरावी गाडी २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहूनच बंगालमधल्या शालिमारला गेली. १९ एप्रिल २०२१ रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर विशाखापट्टणमला रवाना झाले, ती पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस. आणि त्याच्या पाच वर्षे आधी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, याच मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींच्या खेपा. त्या पाण्याचा हिशोब नफ्या-तोट्यात कोणी केला नाही, कारण तहान लागलेल्या शहराला पाणी पोहोचवणे हे रेल्वेचे कामच आहे असे सगळ्यांनी मानले. दक्षिण मराठा रेल्वे कंपनी निघाली तीच मुळी १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, माणसे जगवण्यासाठी. संकटात पाणी, प्राणवायू आणि डाळिंब नेऊ शकणारी रेल्वे केमोथेरपीसाठी मिरजेला निघालेल्या बाईला नेऊ शकत नाही, हे मला पटत नाही.

डबे तर तयारही केले होते. पाच हजारांहून अधिक स्लीपर डबे विलगीकरणासाठी बदलून घेतले, त्यातले बरेचसे यार्डात उभे राहिले. नंदुरबारसारख्या ठिकाणी २०२१ च्या लाटेत त्यांचा उपयोग झाला. फ्रान्सने २६ मार्च २०२० रोजी स्ट्रासबूर्गहून वीस अत्यवस्थ रुग्ण टीजीव्ही गाडीने कमी भार असलेल्या रुग्णालयांत हलवले. आपल्याकडे १९९१ पासून लाइफलाइन एक्सप्रेस हे चाकांवरचे रुग्णालय आहे, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी नाही. मिरज हे चार दिशांचे मार्ग मिळणारे जंक्शन, आणि गावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. पुढच्या वेळी रुग्ण हलवणाऱ्या गाडीचा तळ मिरजेला का असू नये?

लाट ओसरली, पण तात्पुरत्या म्हणून काढून घेतलेल्या गोष्टी परत यायला जो वेळ लागला त्याने सामान्य उतारूचे सर्वाधिक नुकसान केले. गाड्यांच्या क्रमांकांपुढे शून्य लागले आणि त्या ‘स्पेशल’ झाल्या. जनरल डब्यातही आरक्षण आले. पॅसेंजरचे किमान भाडे दहावरून तीस रुपये झाले आणि साधे भाडे पुन्हा लागू झाले ते २०२४ च्या फेब्रुवारीत. ताकारी, भिलवडी, मसूर अशा स्टेशनांवर पॅसेंजरवर जगणारा दूधवाला, विद्यार्थी, बाजारकरी या वर्षांत रेल्वेपासून तुटला. ज्येष्ठ नागरिकांना मिळणारी सवलत, पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के, २० मार्च २०२० पासून बंद झाली. साथ संपल्यावरही ती परत आली नाही. आणि आपली सह्याद्री एक्सप्रेस! कोल्हापूर-मुंबई धावणारी ही गाडी साथीत थांबली ती २०२३ च्या नोव्हेंबरात उठली, तीही पुण्यापर्यंतच. याच मार्गावर विद्युतीकरण झाले, दुहेरीकरणाचे मोठे काम झाले, सप्टेंबर २०२४ मध्ये सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज असे थांबे घेणारी वंदे भारत आली. तिचे स्वागतच आहे. पण गलाईवाल्याला, जवानाला आणि पेशंटला रात्रीची, स्लीपरची, परवडणारी गाडी लागते, आणि पुढची साथ आली तर खिडकी उघडणारा तोच डबा सर्वांत कामाचा ठरेल.

तेव्हा आतापासून लिहून ठेवावे असे काही आहे. साथीतही चालू राहतील अशा किमान गाड्या प्रत्येक मार्गावर ठरलेल्या असाव्यात. मिरजेहून निदान एक दिल्लीकडे, एक बंगळुरूकडे, एक मुंबईकडे. त्यांत रुग्ण, जवान आणि परगावी अडकलेल्यांना आधी जागा मिळावी, भाडे नेहमीचेच असावे, चाचणी स्टेशनवर फुकट व्हावी. आणि जी सवलत किंवा जो थांबा साथीपायी काढला जाईल, त्याच्या आदेशातच तो परत कधी मिळणार ती तारीख छापलेली असावी. तारीख नसलेली तात्पुरती बंदी कायमची होते, हे आपण पाहिले आहे.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतला हा मार्ग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतो. विभागाची प्रवासी सल्लागार समिती असते, आपल्या खासदारांना रेल्वेच्या बैठकांत बोलायला मिळते. विट्यातल्या गलाई संघटनांनी, मिरजेच्या डॉक्टरांनी, माजी सैनिकांनी ही मागणी साथ नसताना, आत्ताच, लेखी करावी. तुमच्या घरातला कोणी लांब राहत असेल, तर त्या अर्जावर तुमचीही सही असू द्या.