दिल्लीचे हवामान आणि टायरची निवड
वेगवान मोटार रस्त्याला टेकते ती तळहाताएवढ्या चार ठिकाणी. उन्हाळी टायरचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊन पकड गमावते. हिवाळी टायर थंडीत लवचीक राहतो, परंतु तापलेल्या रस्त्यावर लवकर झिजतो आणि गाडी उशिरा थांबते. दिल्लीत जानेवारीच्या पहाटे पारा ७ अंशांखाली उतरला, तरी मे-जूनमध्ये तो ४५ अंशांपर्यंत चढतो. म्हणून राजधानी परिसरात उन्हाळी टायरच योग्य. थंड पहाटे मात्र वेग आवरावा. हिमवर्षावात मनालीस जायचे असल्यास चारही टायर हिवाळी असावेत. यमुना द्रुतगती मार्गावर निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच हवा तपासावी. कमी हवेचा टायर भरधाव वेगात तापून फुटू शकतो. मोटारकर्जाच्या हप्त्याबरोबर टायरसाठीही तरतूद करावी. प्रश्न प्राणांचा आहे.