दोन थेंब आणि गेलेली लाईट

गणपतीपुळ्यात जूनची पहिली भुरभुर सुरू झाली की लाईट जाते आणि ओसरीवर ठरलेला आरोप ऐकू येतो: दोन थेंब पडले की मुद्दाम बंद करतात, कॅनडात फूटभर बर्फातही वीज जात नाही!

आधी कॅनडाचे. जानेवारी 1998 मध्ये क्विबेकमध्ये पडलेला पाऊस तारांवर गोठत गेला. त्या ओझ्याने मनोरे कोसळले, हजारो खांब आडवे झाले आणि सुमारे 14 लाख ग्राहक अंधारात गेले. पुढे तिथल्या लेव्ही उपकेंद्रात, तारांतून प्रचंड डीसी प्रवाह सोडून बर्फ वितळवणारी यंत्रणा बसवावी लागली.

कोकणात बर्फाचे काम मीठ करते, आणि ते नडते तार खांबापासून अलग ठेवणाऱ्या इन्सुलेटरवर. पावसाळा संपल्यापासून मेअखेरपर्यंत खारा वारा चिनी मातीच्या त्या छत्र्यांवर मिठाचा आणि धुळीचा थर चढवत राहतो. कोरडा थर वीज वाहून नेत नाही. भुरभुर पडली किंवा दव साचले की मीठ विरघळते, ओल्या थरातून वीज झिरपू लागते, ठिणग्या उडतात आणि शेवटी इन्सुलेटरच्या अंगावरून आर्क थेट लोखंडी खांबात उतरतो. हाच फ्लॅशओव्हर. उपकेंद्रातला ब्रेकर क्षणार्धात आपोआप ट्रिप होतो. बटण कुणीही दाबलेले नसते! पावसात वाहिनी हाताने बंद करतात ती झाड पडल्यावर किंवा तार तुटल्यावर, माणसे मरू नयेत म्हणून. मुसळधार पाऊस तर उलट मीठ धुऊन काढतो. घात होतो तो रिमझिमीत.

यावर उपाय आहेत. आयईसी 815 या 1986च्या मार्गदर्शिकेने मध्यम प्रदूषणाच्या जागी इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरचे अंतर दर किलोव्होल्टला 20 मिलिमीटर सांगितले, तर अतिप्रदूषित किनाऱ्यासाठी 31. पाणी झटकणारे सिलिकॉन रबरचे इन्सुलेटर इथे अधिक टिकाव धरतात.

ओसरीवरचा पुढचा आरोप: 'मे महिन्यातला शटडाऊन फुकटचा.' नाही, इन्सुलेटर पुसायचे, तडकलेले बदलायचे ते तेव्हाच.

आणि आणखी एक: 'जयगडला 1200 मेगावॅटचा वीजप्रकल्प असताना आम्ही अंधारात का?' ती वीज 400 केव्ही वाहिन्यांनी कराड आणि नवीन कोयना उपकेंद्रांकडे जाते. गावाला वीज देणाऱ्या 11 केव्ही वाहिनीचा, म्हणजे फिडरचा, बिघाड तिने भरून निघत नाही.

जाब विचारायचाच तर हा विचारा: आमच्या फिडरवरचे इन्सुलेटर यंदा पावसाआधी साफ झाले का, आणि ते किनाऱ्याला साजेसे आहेत का? खांबावर तडतड ऐकू आली किंवा निळसर ठिणग्या दिसल्या, तर खांबाला आणि ताणतारेला हात लावू नका, गुरे दूर बांधा आणि 1912 वर कळवा.