हूप्स डायनेस्टीतली थ्री-पॉइंटरची आखणी

'हूप्स डायनेस्टी' हा अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलवर बेतलेला ऑनलाइन खेळ. यात बोटांच्या चपळाईला काम नाही. खेळणारा प्रशिक्षक असतो. शाळांतले होतकरू खेळाडू हेरून संघात घेणे, सराव ठरवणे आणि पुढच्या सामन्याची आखणी भरून ठेवणे एवढे त्याच्या हाती असते. ठरलेल्या वेळी सर्व्हर सामना खेळवतो आणि एकेका चालीचे लेखी वर्णन समोर ठेवतो. त्यामुळे माळशेज घाटाजवळच्या मढसारख्या गावात ऐन सामन्याच्या वेळी रेंज गेली तरी बिघडत नाही. आखणी तेवढी आधी पोचलेली हवी. या आखणीत सर्वांत जास्त विचार मागणारा भाग म्हणजे तीन गुणांच्या फेकी.

तीन गुणांची रेषा बास्केटबॉलमध्ये उशिरा आली. आंतरराष्ट्रीय नियमांत ती 1984 साली आली, अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज स्पर्धांत 1986-87च्या मोसमात. मुंबईच्या नागपाड्यात घडलेले, 1970 सालचे अर्जुन पुरस्काराचे मानकरी आणि भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर यांच्या उमेदीच्या काळात लांबून टाकलेल्या बास्केटला दोनच गुण मिळत. रेषा आल्यावर हिशेबच बदलला. लांबून तीनपैकी एक फेक साधणारा नेमबाज आणि जवळून दोनपैकी एक फेक साधणारा खेळाडू, दोघेही प्रत्येक फेकीमागे सरासरी एक गुण देतात. नेमबाजाची टक्केवारी 33 वरून 37 झाली की तो 1.11वर जातो, त्याची बरोबरी करायला आतल्या खेळाडूला 55 टक्क्यांच्या वर जावे लागते. आतल्या खेळाला मात्र फाउलवर मिळणाऱ्या फ्री थ्रोची जोड असते. ती विसरून केलेली तुलना नेहमी बाहेरच्या फेकीकडे झुकते.

खेळात प्रत्येक खेळाडूसाठी थ्री-पॉइंटरचा कल उणे 2 ते अधिक 2 असा ठरवता येतो. हा आकडा वाढवला की खेळाडू लांबून जास्त वेळा फेकतो. त्याची नेमबाजी सुधारत नाही. नेम ठरतो प्रामुख्याने 'पेरिमीटर' या गुणांकनावरून, आणि फेकायला मोकळीक मिळण्यासाठी वेग व चेंडूवरचा ताबा लागतो. पेरिमीटर कच्चा असलेल्या उंच खेळाडूला अधिक 2 देणे म्हणजे संघाच्या चाली फुकट घालवणे. त्याला उणे 2वर ठेवून आतच खेळवावे. चांगल्या नेमबाजालाही सरसकट अधिक 2 देऊ नये, कारण समोरचा प्रशिक्षक मागच्या सामन्यांचे आकडे वाचत असतो.

बचावालाही उणे 5 ते अधिक 5 अशी पट्टी आहे. अधिककडे गेलेला बचाव बाहेर येऊन नेमबाजांना भिडतो आणि रिंगखालची जागा मोकळी सोडतो. उणेकडे गेलेला आत दाटी करतो. कबड्डीत चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा कोपरारक्षक हलतो आणि तिथेच गुणाची संधी उघडते, तसाच हा ताण आहे. थ्री-पॉइंटरचा खरा फायदा अनेकदा आतल्या खेळाडूच्या खात्यावर दिसतो. म्हणून सलग दोन सामने बाहेरून भरपूर फेकी टाकल्यावर तिसऱ्यात कल उतरवून चेंडू आत देणे शहाणपणाचे. बचाव तोवर बाहेर सरकलेला असण्याची शक्यता बरीच.

सर्वांत कमी लक्ष दिले जाते ते चढउताराकडे, आणि डाव तिथेच ठरतो. वरच्या उदाहरणातल्या दोन्ही खेळाडूंची सरासरी सारखी असली तरी निकालांचा पसारा सारखा नसतो. एका संघाने 60 फेकी जवळून, 50 टक्क्यांनी टाकल्या तर गुण 60च्या आसपास साधारण आठने मागेपुढे होतात. त्याच 60 फेकी लांबून, 33 टक्क्यांनी टाकल्या तर सुमारे अकराने. आता हा संघ सरासरीत प्रतिस्पर्ध्यापेक्षा दहा गुणांनी कमी आहे असे धरू. प्रतिस्पर्धी जवळूनच खेळत असेल, तर आपणही जवळून खेळून जिंकण्याची शक्यता सुमारे 18 टक्के राहते. सगळे लांबून टाकल्यास ती 23च्या घरात जाते. दहा गुणांनी वरचढ संघाने हेच केले तर त्याचे 82 टक्के घसरून 77वर येतात. प्रत्यक्षात कोणी सगळ्याच फेकी लांबून टाकत नाही, म्हणून फरक याहून लहान असतो, पण दिशा हीच. दुबळ्या संघाने लांबून फेकावे आणि खेळाचा वेग संथ ठेवावा, कारण चाली कमी झाल्या की सरस संघाला आपली सरशी सिद्ध करायला वाव कमी मिळतो. बलाढ्य संघाने नेमके उलट करावे. बाद फेरीत वरच्या मानांकनाचे संघ घरी जातात त्यामागे हा हिशेब पुष्कळदा असतो.

निकाल वाचताना घाई नडते. 35 टक्क्यांच्या नेमबाजाने सामन्यात पाच फेकी टाकल्या तर पाचही हुकण्याची शक्यता जवळपास 12 टक्के असते. पंचवीस सामन्यांत असे तीनदा घडणे स्वाभाविक आहे. शंभर फेकींनंतरही त्याची टक्केवारी 30 ते 40 यांत कुठेही दिसू शकते. एका वाईट रात्रीनंतर त्याचा कल उतरवणारा प्रशिक्षक योगायोगाला उत्तर देत असतो. त्यापेक्षा आधी प्रयत्नांचा रकाना पाहावा. अधिक 2वर ठेवलेल्या नेमबाजाला तीनच फेकी मिळाल्या असतील तर बचाव बहुधा बाहेर आला होता, आणि मग आतल्या खेळाडूंची टक्केवारी वाढलेली दिसायला हवी. तीही वाढली नसेल तर दोष कलाच्या आकड्यात नाही. संघात रिंगखाली गुण करणारा खेळाडूच नाही, आणि त्याची भरती पुढच्या मोसमातच करता येते.