घोडीच्या मूत्रातली तारुण्याची गोळी

कॅनडात हिवाळाभर गाभण घोड्या अरुंद ठाणात बांधून ठेवत आणि अंगाला अडकवलेल्या पिशवीत त्यांचे मूत्र गोळा करत. त्यातल्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनपासून तयार झालेली ‘प्रेमारिन’ ही गोळी १९४२ साली अमेरिकेत विक्रीला आली. पाळी जाताना अंगातून निघणाऱ्या वाफा आणि घामाने होणारी झोपमोड यांवर इस्ट्रोजेनइतके गुणकारी औषध आजही नाही. एवढ्यावर थांबले असते तर वाद उरलाच नसता.

पण १९६६ साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने ‘फेमिनिन फॉरएव्हर’ हे पुस्तक काढले. रजोनिवृत्ती हा कमतरतेचा आजार असून गोळी घेतली की स्त्रीत्व टिकते, असा त्याचा दावा. प्रेमारिन बनवणाऱ्या वायथ कंपनीने पुस्तकाचा खर्च उचलला होता, हे २००२ साली त्याच्याच मुलाने सांगितले. दरम्यान, १९७५ मध्ये नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग वाढल्याचे दिसले. मग पिशवी असलेल्यांसाठी सोबत प्रोजेस्टोजेन हे दुसरे हार्मोन आले, आणि आता हृदयही सुरक्षित राहील, असे सांगून विक्री पुन्हा वाढली.

या दाव्याची परीक्षा ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी संशोधन प्रकल्पाने १६,६०८ स्त्रियांवर घेतली. जुलै २००२ मध्ये दोन हार्मोन एकत्र देण्याचा प्रयोग मुदतीआधीच थांबवला गेला. स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला, हा मथळा जगभर गाजला. तोच आकडा असाही सांगता येतो: वर्षाला दहा हजार स्त्रियांमागे ३० ऐवजी ३८. पक्षाघात व फुफ्फुसातल्या गुठळ्या प्रत्येकी आठने वाढल्या, तर खुब्याची पाच फ्रॅक्चर टळली. भाग घेणाऱ्यांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी केव्हाच गेलेली. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत उपचार सुरू केले, तर निरोगी स्त्रीचा हिशेब बराच बरा दिसतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वेष्टनावरचे बरेचसे चौकटीतले इशारे काढण्याचे जाहीर केले; नुसत्या इस्ट्रोजेनचा अस्तराच्या कर्करोगाविषयीचा इशारा मात्र ठेवला. आधी अमृत, मग विष, आता पुन्हा अमृत! मला या तिन्ही घोषणा सारख्याच उतावळ्या वाटतात.

आपल्याकडे चित्र निराळे आहे. महाराष्ट्रात गोळी लिहून देणारे आणि शतावरी सुचवणारे आयुर्वेदाचे, दोन्हींतले बहुतेक डॉक्टर आज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडतात. पाळीच्या तक्रारी दूर करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी ‘हार्मोन बॅलन्स’चे डबे खपतातच. हा सगळा बाजार ऐपतवाल्या शहरी बाईसाठी मांडलेला आहे.

तिकडे बीडमध्ये २०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेला आकडा पाहा: ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. पिशवीबरोबर बीजकोशही गेले, तर इस्ट्रोजेन एका दिवसात आटते. ते राखले, तरी काहींची रजोनिवृत्ती लवकर येते. ऐन तिशीत हाडे झिजू लागतात, आणि डोक्यावरची मोळी तर सुटत नाही. खरे तर अशा अकाली रजोनिवृत्तीतच, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत असे वैद्यकशास्त्र सांगते. पिशवी नसल्याने बहुधा प्रोजेस्टोजेनही लागत नाही. ज्यांना औषधाची सर्वाधिक गरज, त्यांच्या दारी ना विक्रेता जातो ना सल्ला.

नाशिकच्या वाचक भगिनींनी दवाखान्यात जाताना वय, पाळी कधी गेली आणि पिशवी आहे की नाही, हे आधी सांगावे. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, तर तेही लपवू नये. गुठळीची भीती असेल तर त्वचेवरच्या पट्टीबद्दल किंवा जेलबद्दल विचारावे. गोळीपेक्षा त्यांत तो धोका कमी असतो. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थोडेही रक्त दिसले, तर औषध चालू असो वा नसो, तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी.