लियांग बुआची ठेंगणी माणसे

इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावरील लियांग बुआ ही चुनखडीच्या डोंगरातील गुहा इतकी प्रशस्त आहे की, १९५० च्या दशकात तिच्यात मुलांची शाळा भरत असे. आणि थिओडोर फेरहूवेन या डच धर्मोपदेशकाने त्याच सुमारास तिची जमीन उकरून पाहण्यास आरंभ केला. परंतु ज्या अवशेषांमुळे ही गुहा मानववंशशास्त्राच्या दप्तरात कायमची नोंदली गेली, ते हाती येण्यास २००३ चा सप्टेंबर उजाडावा लागला. सुमारे सहा मीटर खोलीवर एक सांगाडा लागला, आणि त्याची हाडे भिजलेल्या टीपकागदासारखी इतकी मऊ झाली होती की, नखांचा रंग पुसण्याच्या द्रवात गोंद कालवून त्याची पुटे दिल्यावाचून ती उचलण्याची सोय नव्हती. चण पाहता हे मूल असावे, असा प्रथम तर्क झाला. पण जबड्यात अक्कलदाढा पुऱ्या उगवलेल्या निघाल्या, आणि तो सांगाडा तिशीच्या आसपासच्या एका प्रौढ स्त्रीचा ठरला, जिची उंची एक मीटरहून किंचित अधिक आणि मेंदू सुमारे ४०० घनसेंटीमीटर, म्हणजे आपल्या मेंदूच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा होता.

२००४ च्या ऑक्टोबरात ‘होमो फ्लोरेसिएन्सिस’ ही नवी मानवजाती जाहीर झाली, टोल्किनच्या कादंबरीवरून पडलेले तिचे ‘हॉबिट’ हे टोपणनाव वृत्तपत्रांनी गाजवले, आणि विद्वानांत वाद जुंपला. हा रोगाने खुरटलेला आपल्यासारखाच माणूस आहे, असे इंडोनेशियाचे ज्येष्ठ मानववंशशास्त्रज्ञ तेउकू जेकब यांचे म्हणणे. त्याचे सबळ उत्तर २००७ मध्ये गुहेतल्या त्या स्त्रीच्याच मनगटाने दिले, कारण त्यातील लहान हाडांची घडण आधुनिक मानवाची नसून फार प्राचीन वळणाची आढळली, आणि अशी घडण काही रोगाने येत नाही. पुढे त्याच बेटावरील माता मेंगे येथे सुमारे सात लाख वर्षांपूर्वीचे, तितकेच लहान चणीचे जबड्याचे व दातांचे अवशेष मिळाले. बेटावर अन्न तुटपुंजे आणि मोठे हिंस्र पशू थोडे, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या थोरली शरीरे लहान होत जातात, असा एक प्रबळ तर्क आहे. तेथील हत्तीसदृश स्टेगोडॉनही असाच आटलेला होता, उलट उंदीर आणि करकोचे मात्र अवाढव्य झाले होते.

या शोधाबरोबर लोककथाही जागी झाली. मध्य फ्लोरेसमधील नागे लोक ‘एबू गोगो’ नावाच्या ठेंगण्या, केसाळ, वाटेल ते खाणाऱ्या प्राण्यांची हकिगत सांगतात. ते शेतातील पीक चोरत, त्यांच्या बायका लोंबते स्तन खांद्यावरून मागे टाकीत. अखेर गावकऱ्यांनी वस्त्रांसाठी म्हणून त्यांना माडाचे काथ्यासारखे तंतू दिले, ते त्यांनी गुहेत नेले, आणि वरून पेटता पलिता टाकून साऱ्यांचा निकाल लावला. ग्रेगरी फोर्थ या मानववंशशास्त्रज्ञाने ही कथा हाडे सापडण्यापूर्वीच टिपून ठेवली होती, ही गोष्ट महत्त्वाची. आणि अवशेषांचे वय आरंभी अवघे अठरा हजार वर्षे ठरवले गेल्यामुळे, कथेत खऱ्या भेटीची स्मृती उरली असेल, हे अनुमान तेव्हा अगदीच वेडगळ वाटत नव्हते.

तथापि तो कालनिर्णय टिकला नाही. गुहेतील जुना थर एका बाजूने झिजून उतरता झाला होता आणि त्याला बिलगून पुष्कळ नंतरची माती साचली होती. पहिल्या संशोधकांनी ज्या कोळशावरून तारीख काढली, तो या नंतरच्या मातीतला होता. २०१६ मध्ये हा घोळ निस्तरला, तेव्हा हाडे एक लाख ते साठ हजार वर्षांपूर्वीची आणि दगडी हत्यारे अलीकडे फार तर पन्नास हजार वर्षांपर्यंतची निघाली. पन्नास हजार वर्षे तोंडी परंपरेने एखादी जबानी जपली, असे मानायला माझे मन धजत नाही. त्यात नाग्यांचा मुलूख लियांग बुआपासून बराच पूर्वेला. शिवाय ठेंगण्यांची कथा रचायला हाडांची गरज लागतेच कोठे? आदिपर्वातील अंगठ्याएवढे वालखिल्य ऋषी कश्यपाच्या यज्ञासाठी पळसाची एकच काडी सगळे मिळून ओढीत नेताना गाईच्या खुराच्या पाणभरल्या ठशात अडकले आणि इंद्र त्यांना हसला. त्यांचा सांगाडा शोधायला मात्र कोणी कुदळ घेऊन निघाले नाही.

गुहेजवळच्या रांपासासा गावी आजही बुटकी माणसे राहतात, आणि तीच त्या प्राचीनांची वंशज, अशी बोलवा होती. २०१८ मध्ये त्यांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत होमो फ्लोरेसिएन्सिसचा अंश मुळीच आढळला नाही; त्यांची कमी उंची इतरत्रही आढळणाऱ्या सामान्य जनुकभेदांतूनच घडलेली निघाली. म्हणजे एकाच बेटावर माणसाची उंची निदान दोनदा स्वतंत्रपणे घटली, आणि दुसऱ्या खेपेस ती आपल्याच जातीच्या माणसांची होती.