संगमरवर, तीन बिंदू आणि यंत्राचा हात

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती, एवढे इतिहासाच्या तासाला सांगून आपण पुढे जातो. पण हे नाव गणिताच्या एका जुन्या ग्रंथातही आले आहे. सातव्या शतकातील गणिती पहिला भास्कर (‘लीलावती’कार भास्कराचार्य वेगळे, ते सुमारे पाचशे वर्षांनंतरचे) याने ‘महाभास्करीय’ या ग्रंथात उज्जयिनीवरून जाणाऱ्या मध्यरेषेवरील ठिकाणांची यादी दिली आहे. त्या यादीत वत्सगुल्म आहे. आजच्या मापाने उज्जैनचे रेखांश सुमारे ७५.८ अंश पूर्व, तर वाशीमचे सुमारे ७७.१ अंश पूर्व आहेत. म्हणजे ही दोन गावे नेमकी एका रेषेवर नाहीत. फरक सव्वा अंशाहून थोडा अधिक आहे. अक्षांश ताऱ्यांच्या उंचीवरून काढता येत, रेखांश काढणे मात्र फार अवघड होते. हे लक्षात घेतले तर एवढ्या फरकाचे नवल वाटत नाही.

या यादीची आठवण आम्ही येथे का काढली? एखाद्या ठिकाणाचा पत्ता आकड्यांत सांगता येतो, ही कल्पना तिच्यामागे आहे म्हणून. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील जागेसाठी दोन आकडे पुरतात. पुतळ्याच्या नाकाच्या शेंड्याचा पत्ता सांगायचा तर तीन लागतात: लांबी, रुंदी आणि उंची या तीन दिशांतील अंतरे. संगणकाच्या मदतीने संगमरवरी मूर्ती घडवतात असे आपण ऐकतो. त्या सगळ्या तंत्राच्या मुळाशी हे तीन आकडे आहेत. ते कोठवर पुरतात आणि कोठे अपुरे पडतात, ते आता पाहू.

काळ्या दगडाच्या मुलखात पांढरा दगड

वाशीम जिल्ह्यात पायाखाली सापडतो तो बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तो तयार झाला. संगमरवराची जन्मकथा निराळी आहे. समुद्रतळाशी साठलेला चुनखडक पुढे जमिनीत खोल गाडला जाऊन उष्णता आणि दाब यांनी बदलतो आणि त्याचा संगमरवर होतो. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो. म्हणूनच त्याच्यावर विरल आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. त्यातील कॅल्साइट या खनिजाची कठिणता मोहच्या श्रेणीत ३ आहे. बेसाल्टमधील प्रमुख खनिजांची ६ च्या आसपास. लोखंडी खिळ्याने संगमरवरावर ओरखडा उठतो. असा मऊ, पण बारीक कणांचा आणि एकजीव दगड शिल्पकाराला सोयीचा वाटला तर नवल नाही. आपल्याकडे तो प्रामुख्याने राजस्थानातील मकराण्यासारख्या ठिकाणांहून येतो.

मातीतून दगडात

पुष्कळांची समजूत अशी असते की शिल्पकार थेट दगडापुढे उभा राहतो आणि छिन्नी चालवू लागतो. व्यक्तिशिल्पाच्या बाबतीत सहसा तसे होत नाही. शिल्पकार आधी मातीत पुतळा करतो. माती लावता येते, काढता येते, पुन्हा लावता येते. मातीवरून साचा घेऊन प्लास्टरचा नमुना ओततात आणि मग तो नमुना दगडात उतरवतात. शिर्डीच्या समाधी मंदिरातील साईबाबांची मूर्ती सर्वांच्या परिचयाची आहे. मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी ती इटालियन संगमरवरात घडवली आणि १९५४ साली तिची स्थापना झाली.

आता प्रश्न असा, की प्लास्टरमधील नाक दगडात नेमक्या त्याच जागी कसे आणायचे? युरोपातील शिल्पकारांनी त्यासाठी ‘पॉइंटिंग मशीन’ नावाचे साधे उपकरण रूढ केले. नाव मोठे असले तरी यात मोटार नाही की चाक नाही. लाकडाची किंवा धातूची एक चौकट असते आणि तिला हव्या त्या दिशेने वळवता येणारी एक सुई असते. नमुन्यावर तीन पक्के बिंदू ठरवतात आणि चौकट त्यांवर टेकवतात. सुईचे टोक नमुन्यावरील हव्या त्या जागी लावून सुईला अडकण घालतात. मग चौकट उचलून दगडावरील तशाच तीन बिंदूंवर टेकवतात. अडकणीपर्यंत सुई आत जाईल इतके खोल कारागीर दगड काढतो. एक बिंदू झाला. असे शेकडो, कधी हजारो बिंदू घ्यायचे आणि मधला दगड डोळ्यांच्या अंदाजाने काढून टाकायचा.

बिंदू तीनच का? भूमितीच्या पुस्तकात आपण शिकवतो की तीन नैकरेषीय बिंदूंतून एकच प्रतल जाते. दोनच बिंदू असते तर चौकट त्यांना जोडणाऱ्या रेषेभोवती फिरली असती. तिसऱ्याने ती पक्की बसते. तिपाई डुगडुगत नाही, चार पायांचे टेबल डुगडुगते, हेही त्याच नियमाचे उदाहरण.

सुईच्या जागी प्रकाश

संगणकाच्या पद्धतीत सुईचे काम प्रकाश करतो. लेसर स्कॅनर नमुन्यावर प्रकाशाची सरळ रेघ टाकतो. शेजारी ठरावीक कोनात बसवलेला कॅमेरा ती रेघ पाहतो. पृष्ठभाग सपाट असेल तर रेघ सरळ दिसते. उंचवटा आला की ती एका बाजूला सरकते, खळगा आला की दुसऱ्या. किती सरकली यावरून उंची किंवा खोली त्रिकोणमितीने काढता येते.

हा प्रयोग शाळेच्या अंगणात करता येतो. एका पाटावर मातीचा साधा चेहरा करा. त्यापासून थोड्या उंचीवर एक दोरी आडवी ताणून धरा. ती सूर्याच्या दिशेशी काटकोनात असावी. दोरीची सावली चेहऱ्यावर पडेल. आता अगदी वरून पाहा. पाटावर सरळ असलेली सावली नाकावर आणि गालावर वळलेली दिसेल. उभ्या काठीची सावली काठीएवढीच पडते तेव्हा सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो. त्या वेळी हा प्रयोग केला, तर सावली जितकी सरकेल तितकीच त्या जागेची पाटापासून उंची असते. नाकावर सावली ३ सेंटिमीटर सरकली, तर नाक पाटापासून ३ सेंटिमीटर उंच. दोरी पुढे-पुढे सरकवत मापे घेतली की चेहऱ्याचा उंचसखलपणा वहीत उतरतो. स्कॅनर याहून निराळे काही करत नाही; तो ते फार वेगाने आणि फार बारकाईने करतो.

किती बारकाईने? एक चौरस मीटर पृष्ठभागावर दर मिलिमीटरला एक बिंदू घेतला, तर १० लाख बिंदू होतात. पाव मिलिमीटरला एक घेतला तर १ कोटी ६० लाख. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क लेव्हॉय आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली फ्लॉरेन्स येथील मायकेलएंजेलोचा संगमरवरी ‘डेव्हिड’ असाच पाव मिलिमीटरच्या बारकाईने मोजला. त्यात एक गमतीची गोष्ट उघड झाली. कित्येक पुस्तकांत त्या पुतळ्याची उंची ४.३४ मीटर दिलेली असे. प्रत्यक्षात ती ५.१७ मीटर भरली!

मिळालेले बिंदू नुसते सुटे असतात. संगणक जवळजवळचे तीन-तीन बिंदू जोडून त्रिकोणांची जाळी विणतो. चौकोन का नाही? कारण चार बिंदू एका प्रतलात असतीलच असे नाही, तीन मात्र नेहमी असतात. तिपाईचा नियम येथे पुन्हा भेटतो. या जाळीत आता फेरफार करता येतात: नाक किंचित लांब करा, हात वर उचला, सगळा पुतळा दुप्पट करा. काही शिल्पकार माती न वापरता पहिल्यापासून पडद्यावरच आकार घडवतात.

यंत्राचा हात

पुढचे काम कोरणाऱ्या यंत्राचे. हिऱ्याचे कण बसवलेले हत्यार वेगाने फिरते आणि संगणकाने आखून दिलेल्या वाटेने दगड खरवडत जाते. वरून पाणी सोडलेले असते. त्याने हत्यार थंड राहते आणि धूळही बसते. साधे यंत्र हत्यार तीन दिशांनी हलवते. पण हनुवटीखालचा किंवा कानामागचा भाग वरून येणाऱ्या हत्याराला गाठता येत नाही. त्यासाठी सहा सांध्यांचा यंत्रहात वापरतात. टोक कोठे आहे हे सांगायला तीन आकडे लागतात आणि ते कोणत्या दिशेला वळले आहे हे सांगायला आणखी तीन. म्हणून सांधे सहा.

हत्याराचे टोक गोल असते. त्यामुळे दोन शेजारच्या वाटांमध्ये, नांगरलेल्या शेतातल्यासारखा, एक बारीक वरंबा राहतो. टोकाची त्रिज्या ५ मिलिमीटर आणि दोन वाटांतले अंतर २ मिलिमीटर असेल, तर वरंब्याची उंची सुमारे ०.१ मिलिमीटर भरते. (अंतराच्या वर्गाला त्रिज्येच्या आठपटीने भागायचे.) अंतर निम्मे केले तर वरंबा चौथाई होतो, पण वाटा दुप्पट होतात आणि वेळही दुप्पट लागतो. म्हणून यंत्राला कोठेतरी थांबवतात आणि शेवटचा हात माणूस फिरवतो.

नमुना मोठा करताना ही पद्धत फार उपयोगी पडते. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे १९२५ साली जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांचे उदाहरण घेऊ. त्यांनी साकारलेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा २०१८ साली गुजरातेत उभा राहिला. तो संगमरवराचा नाही, कांस्याचा आहे. पण रीत तीच. सुमारे ३० फुटी नमुन्याचे त्रिमितीय स्कॅनिंग करून त्यावरून मोठ्या पुतळ्याचे आकार काढले गेले. ३० फूट म्हणजे सुमारे ९.१ मीटर; वाढ जवळजवळ २० पट. नमुन्यात ओठाची कड १ मिलिमीटर चुकली तर पुतळ्यात ती २ सेंटिमीटर चुकणार. यंत्र चूकही इमानाने मोठी करते! म्हणून मूळ नमुना करणारा हात पक्का लागतो. सुतारांचा हात कोठे तयार झाला? मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून शिकून बाहेर पडल्यावर १९५४ ते १९५८ या काळात ते पुरातत्त्व खात्यातर्फे अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीच्या कामावर होते. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे ज्या वराहदेवाने कोरवून घेतले, तो वत्सगुल्माच्या हरिषेण राजाचा मंत्री होता.

जे आकड्यांत येत नाही

संगमरवराचा एक गुण मोठा विलक्षण आहे. प्रकाश त्याच्या पृष्ठभागावर थांबत नाही. थोडा आत शिरतो, कणाकणांवरून विखुरतो आणि परत येतो. त्वचेतही असेच होते. म्हणून संगमरवरी चेहरा सजीव वाटतो आणि तोच चेहरा प्लास्टरमध्ये निर्जीव. पण लेसरचा प्रकाशही असाच आत शिरतो, आणि पृष्ठभाग आहे त्यापेक्षा किंचित आत असल्याचे स्कॅनरला भासते. ‘डेव्हिड’ मोजणाऱ्यांनाही ही अडचण आली. ज्या गुणासाठी शिल्पकार संगमरवर निवडतो, तोच गुण यंत्राला चकवतो.

दुसरी गोष्ट दगडाच्या पोटातली. जाळी मूर्तीच्या पृष्ठभागाची असते. शिळेच्या आतली शीर किंवा चीर तिच्यात नसते. जाणता कारागीर शिळेवर हातोडीने हलकेच ठोकून पाहतो. दगड खणखणीत वाजला तर ठीक, आवाज बद्द आला तर आत चीर असण्याचा संभव. मग मूर्तीचा नाजूक हात त्या बाजूला येऊ नये म्हणून तो शिळाच फिरवून घेतो. काम चालू असतानाही छिन्नीखाली दगड कसा सुटतो आहे हे त्याच्या मनगटाला कळत असते.

शिकाऊ मुलाने कोठे शिकायचे?

यंत्रामुळे पाथरवटाची कला संपेल, असे काहींना वाटते. दुसरे म्हणतात, यंत्र फक्त हमाली करते, मग भीती कसली? आम्हांला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. शिळेचा नको असलेला दगड उडवणे हे कष्टाचे, धुळीचे, फुप्फुसांना त्रास देणारे काम आहे. ते यंत्राकडे गेले तर वाईट वाटण्याचे कारण नाही. पण कारखान्यात नवा मुलगा आला की त्याच्याकडे हेच काम देत. दोन-चार वर्षे दगड उडवता उडवता त्याला शीर कळू लागे, आवाज कळू लागे, कोठे थांबायचे हे कळू लागे. मग त्याच्या हाती चेहरा येई. ही खालची पायरी यंत्राने घेतली, तर वरच्या पायरीवर तो कसा पोचणार? शेवटचा हात फिरवणारी माणसे आज आहेत, कारण काल त्यांनी पहिला हात मारला होता. गणकयंत्र आल्यावर पाढ्यांचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या वर्गात येतो, त्याच जातीचा हा प्रश्न आहे.

याला यंत्र नाकारणे हे उत्तर नव्हे. शिकण्याची पायरी मुद्दाम राखून ठेवायची, हे आहे. शाळेत त्याची सुरुवात सोपी आहे. वर सांगितलेला सावलीचा प्रयोग करण्यापूर्वी चेहरा मुलांनीच मातीत करावा. मग मोजणी करावी आणि वहीतील आकड्यांवरून दुसऱ्या गटाने तोच चेहरा पुन्हा घडवावा. दोन्ही चेहरे शेजारी ठेवून चर्चा करावी: आकड्यांत काय उतरले, काय निसटले? गावात बेसाल्टचा पडका तुकडा आणि कोणाच्या घरी फरशीचा संगमरवरी तुकडा मिळेलच. मुलांनी दोन्ही ठोकून पाहावेत, ओरखडून पाहावेत, त्यांच्यावर विरल आम्लाचा थेंब टाकून पाहावा. पत्ता आकड्यांत सांगता येतो. त्या पत्त्यावर कसला दगड आहे हे मात्र हाताला विचारावे लागते, आणि हाताला ते कोणीतरी आधी शिकवलेले असावे लागते.